पिशवी जाड असली म्हणून माल टिकत नाही

जळगावच्या दाणा बाजारात किंवा दोंडाईच्याच्या पेठेत पॅकिंगची पिशवी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो गेजचा. दुकानदार दोनशे म्हणाला की गिऱ्हाईक अडीचशे मागतं, चार पैसे जास्त मोजतं आणि निश्चिंत होतं. पुढे श्रावणात केळीचे वेफर्स मऊ पडतात, तेव्हा दोष तेलाला जातो, केळीला जातो, तळणाऱ्याला जातो. पिशवीकडे कोणी बघत नाही, कारण ती तर जाड होती.

गेज म्हणजे जाडी. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीवर पिशवीची ताकद ठरते, ती फाटेल की नाही हे ठरतं. आतला माल किती दिवस चांगला राहील हे मात्र प्लास्टिकच्या जातीवर आणि सीलवर ठरतं.

ज्याला आपण बंद पिशवी म्हणतो तिच्यातूनही वायू आणि वाफ ये-जा करत असतात, फार हळू. प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्यांच्यामध्ये जागा राहते आणि त्या जागेतून प्राणवायू व पाण्याची वाफ झिरपते. कोणती साखळी कशाला वाट देते हे जातीनुसार बदलतं. बाजारात ज्याला नुसतं 'एलडी' म्हणतात त्या पॉलिथिनची ५० मायक्रॉनची फिल्म चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ४,००० घनसेंटिमीटर प्राणवायू आत सोडते. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक म्हणजे पेट. त्याची फक्त १२ मायक्रॉनची फिल्म तेवढ्याच जागेतून १२०च्या आसपास सोडते. जाडी पावपट आणि गळती तिसावा हिस्सा. पाण्याच्या वाफेचं उलटं आहे. ३८ अंश उष्णता आणि ९० टक्के आर्द्रता असताना एलडी दिवसाला ९-१० ग्रॅम वाफ आत घेते, तर पेट ४०च्या वर. एकटं कोणतंच प्लास्टिक सगळं अडवत नाही. म्हणून चांगल्या पाकिटात दोन-तीन जाती एकावर एक चिकटवलेल्या असतात.

जाडी दुप्पट केली की गळती साधारण निम्मी होते, एवढाच तिचा उपयोग. निव्वळ जाडीच्या जोरावर एलडीला पेटइतका प्राणवायू अडवायला लावायचं म्हटलं, तर पिशवी दीड मिलिमीटरहून जाड करावी लागेल. त्यात वेफर्स भरण्यापेक्षा तिची चप्पल शिवलेली बरी.

वेफर्सचंच गणित मांडू. २०० ग्रॅमचं पाकीट, २० बाय ३० सेंटिमीटरचं. दोन्ही बाजू धरून ०.१२ चौरस मीटर फिल्म. तळून निघालेल्या वेफर्समध्ये २ टक्के ओल असते. ती ४ टक्क्यांवर गेली की कुरकुरीतपणा जातो, म्हणजे पाकिटाने जास्तीत जास्त ४ ग्रॅम पाणी आत येऊ द्यायचं. २०० गेजची एलडी वर सांगितलेल्या दमट हवेत रोज एक ग्रॅमहून थोडं जास्त पाणी आत घेते, म्हणजे चार दिवसांत खेळ संपला. चंदेरी अस्तराचं पाकीट असेल तर चौरस मीटरमागे अर्धा ग्रॅम धरा. रोज ०.०६ ग्रॅम येतं आणि दोन महिने पार होतात. खानदेशात मार्च-एप्रिलची कोरडी हवा असताना साध्या पिशवीतही माल बरा राहतो, त्यामुळे फरक कळत नाही. तोच माल जुलैत कल्याण-ठाण्याला पाठवला की कळतो.

दाण्यापासून फिल्म

कच्चा माल म्हणजे 'दाणा'. तेलशुद्धीकरणातून निघणारा नाफ्था किंवा नैसर्गिक वायूतले घटक ८००-८५० अंशांवर फोडले की इथिलीन आणि प्रोपिलीन वायू मिळतात. त्यांचे रेणू एकमेकांना जोडत नेले की पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन तयार होतं. आपली तापी सुरतेच्या पलीकडे समुद्राला मिळते तिथे हजिऱ्याला रिलायन्सचा मोठा कारखाना आहे. तिथेही हा दाणा बनतो आणि २५ किलोच्या गोण्यांत भरून निघतो.

एलडीची साधी पिशवी ज्या यंत्रावर बनते त्याला ब्लोन फिल्मचं यंत्र म्हणतात. दाणा हॉपरमधून, म्हणजे नरसाळ्यासारख्या डब्यातून, खाली लांब नळीत पडतो. नळीत फिरणारा स्क्रू त्याला पुढे ढकलतो, घुसळतो आणि १६० ते २०० अंशांवर वितळवतो. वितळलेलं प्लास्टिक जाळीतून गाळून गोल डायच्या, म्हणजे साच्याच्या, फटीतून नळकांड्यासारखं वर येतं आणि मधून हवा भरून ते फुगवलं जातं. हा झाला बबल. बाहेरून एअर रिंग गार हवेचा झोत मारते. ठरावीक उंचीवर पारदर्शक वितळ गोठून किंचित धुरकट होते, ती रेषा कारागीर डोळ्यात तेल घालून बघत असतो. वर दोन रोलर बबल चपटा करतात आणि खाली वाइंडरवर रोल गुंडाळला जातो.

मापाचा हिशोब सोपा आहे. डाय १०० मिलिमीटर व्यासाची आणि बबल अडीचपट फुगवला तर व्यास २५० मिलिमीटर. त्याचा परीघ ७८५, आणि चपटा केल्यावर रुंदी निम्मी, म्हणजे ३९ सेंटिमीटरच्या आसपास. फुगवणं दोन ते तीन पटींत ठेवतात. कमी फुगवला तर पिशवी उभी चरकन फाटते, कारण साखळ्या एकाच दिशेने पसरलेल्या असतात. फार फुगवला तर बबल डोलायला लागतो आणि फिल्म एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ येते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा फटका इथे बसतो. भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा एअर रिंगची हवाच तापलेली असते. बबल वेळेत गोठत नाही आणि रोलवर एकावर एक आलेले पदर चिकटून बसतात. पिशवीचं तोंड उघडता उघडत नाही ते यामुळेच. उपाय दोन: गार हवेचा चिलर बसवायचा, नाहीतर यंत्र हळू चालवायचं. दुसरा उपाय फुकट दिसतो, पण उत्पादन घटवतो.

पदर सुटे राहावेत म्हणून दाण्यात थोडं स्लिपचं रसायन घालतात. ते एक-दोन दिवसांत आतून पृष्ठभागावर येतं आणि फिल्म निसरडी होते. जास्त पडलं तर उलटं होतं. शाई धरत नाही आणि सीलही नीट बसत नाही. छपाईसाठी फिल्मच्या एका बाजूवर विजेच्या ठिणग्यांचा मारा करतात, त्याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. त्याशिवाय पॉलिथिनवर शाई टिकत नाही, नखाने खरवडली तरी निघते. हा मारा चुकून आतल्या बाजूला झाला तर तीच बाजू नंतर सील होताना त्रास देते. रोल महिनोन् महिने पडून राहिला तर माऱ्याचा असर उतरतो, म्हणून छापायची फिल्म साठवून ठेवू नये.

ताणलेली फिल्म आणि ॲल्युमिनियमची वाफ

वेफर्सच्या पाकिटाची करकरणारी फिल्म वेगळी असते. ती बीओपीपी, म्हणजे दोन्ही दिशांना ताणलेलं पॉलिप्रोपिलीन. आधी जाड पट्टा ओततात, मग तापलेल्या रोलरवर लांबीत पाचेक पट ओढतात. त्यानंतर दोन्ही कडा क्लिपांनी पकडून भट्टीतून नेत रुंदीत आठ-नऊ पट ताणतात. पिंजलेल्या कापसाचा पेळू ओढून सूत काढलं की तंतू सरळ होऊन एकमेकांना बिलगतात, तसं साखळ्यांचं होतं: मधल्या जागा आकसतात, फिल्म पातळ होऊनही चिवट आणि आरपार होते. १८-२० मायक्रॉनची फिल्म अशीच मिळते. पण हे ताणलेपण उष्णतेने सुटतं. १४० अंशांच्या पुढे फिल्म आकसून सुरकुततेच. सील करताना हे लक्षात ठेवावं लागतं.

आतली चंदेरी बाजू म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा, असा बहुतेकांचा समज. खरं तर तो वाफेचा थर असतो. निर्वात पेटीत फिल्मचा रोल उलगडत जातो, खाली ॲल्युमिनियमची तार १,४०० अंशांच्या वर तापवून वाफ केली जाते, आणि ती वाफ वरून धावणाऱ्या फिल्मवर गोठते. थराची जाडी ३० ते ५० नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा विसावा ते तेहतिसावा भाग. एवढ्याने १२ मायक्रॉनच्या पेटमधून येणारा प्राणवायू १२०वरून १च्या आसपास येतो. उजेडही जवळजवळ सगळा अडतो, आणि तेलकट मालाला उजेड प्राणवायूइतकाच वाईट. हा थर नाजूक असतो. पाकीट चुरगळलं की त्याला बारीक चिरा पडतात. रोल उलगडताना किंवा भरलेली पाकिटं खोक्यात दाबून कोंबताना थोडी गळती आपणच विकत घेतो.

छपाई बाहेरच्या पदराच्या आतल्या बाजूला, उलटी करतात. शाई दोन पदरांच्या मध्ये राहते आणि ना हाताला लागते, ना मालाला. मोठ्या ऑर्डरसाठी ग्रॅव्ह्युअर: प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर, तांब्याचा थर, वर क्रोम. रंग वाढले की सिलिंडरचा खर्च वाढतो, म्हणून नव्या गृहउद्योगाने सहा रंगांच्या हौसेत पडू नये. शाईतलं द्रावक नीट वाळलं नाही तर पाकीट उघडल्यावर रंगाच्या दुकानासारखा वास येतो. खाद्यपदार्थांच्या शाईत टोल्युइन नको, असं भारतीय मानक आयएस १५४९५ सांगतं. पुरवठादाराकडून तसा लेखी दाखला मागावा.

मग पदर पॉलियुरेथेनच्या गोंदाने जोडतात, अशा जोडलेल्या फिल्मला लॅमिनेट म्हणतात. गोंद दोन भागांचा असतो आणि तो मुरायला वेळ लागतो: ४०-४५ अंशांच्या खोलीत एक ते दोन दिवस. घाईत रोल कापून पाठवला तर पदर सुटतात, मध्ये बोगद्यासारख्या पोकळ रेषा दिसतात. कांदा-लसूण मसाल्यासारख्या तेलकट आणि तिखट मालात हे हमखास दिसतं. तेल आतल्या एलडीत शिरतं, गोंदापर्यंत पोचतं आणि महिन्याभराने पाकिटाचे दोन पदर नखाने वेगळे करता येतात. अशा मालाला 'तेलकट-मसालेदार मालाचा गोंद हवा' असं ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. सगळे लॅमिनेट सारखे नसतात.

सगळं पाणी सीलमध्ये मुरतं

पाकिटाची फिल्म कितीही भारी असली तरी केसाएवढी फट तिचा सगळा हिशोब मोडते. आणि फट पडते ती बहुतेक वेळा सीलमध्ये.

सील म्हणजे आतल्या दोन्ही पृष्ठभागांवरच्या साखळ्या वितळून एकमेकांत गुंतणं. त्याला तीन गोष्टी लागतात: उष्णता, दाब आणि वेळ. एक कमी पडली तर दुसरी वाढवता येते, पण एका मर्यादेपर्यंतच. पेट-एलडीच्या पाकिटात काम सोपं असतं. एलडी ११० अंशांच्या आसपास वितळते आणि पेट २५०च्या पुढे, त्यामुळे मधल्या मोठ्या पट्ट्यात जॉ, म्हणजे यंत्राचे सील करणारे तापलेले जबडे, बिनधास्त दाबता येतात. बीओपीपीच्या दोन पदरांच्या पाकिटात आतल्या बाजूला सीलसाठीचा मायक्रॉनभर जाडीचा थर असतो. तो ११० ते १२०ला धरतो आणि १४०ला सगळी फिल्म आकसते. वाव जेमतेम वीस-पंचवीस अंशांचा. कंट्रोलरवर १२५ दिसत असलं तरी जॉच्या मधोमध आणि टोकाला तेवढंच आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. टोकाची सील सुटत असेल तर तपमान वाढवण्याआधी हीटर आणि जॉवरचं टेफ्लॉनचं कापड बघा.

उभ्या भरणी यंत्रात फिल्म नळीच्या गळ्याशी असलेल्या कॉलरवरून नळीभोवती गुंडाळते, मागे उभी सील होते, खाली आडवी सील, वरून वजन केलेला माल पडतो, नायट्रोजन सुटतो आणि जॉ पुन्हा मिटतात. मागची उभी सील जिथे आडव्या सीलला मिळते तिथे पदर दोनाचे चार होतात. त्या पायरीच्या कडेला बारीक बोगदा राहतो. गळणारी पाकिटं तपासली तर पुष्कळदा गळती इथेच सापडते. दातेरी जॉ आणि थोडा जास्त दाब हाच त्यावरचा उपाय.

दुसरा शत्रू म्हणजे माल स्वतः. वेफर्सचा चुरा, मिठाचा कण, तिखटाची धूळ सीलच्या जागी अडकली की तिथे प्लास्टिक प्लास्टिकला भेटतच नाही. तिखट तर स्थिर विजेमुळे फिल्मला आपणहून चिकटतं, विशेषतः हिवाळ्याच्या कोरड्या हवेत. नळीचं तोंड सीलच्या जागेपासून खाली ठेवणं, भरल्यावर क्षणभर थांबणं आणि यंत्राला नीट अर्थिंग देणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

बचत गटांकडे असते ती हाताने दाबायची सीलिंग पट्टी. तिच्यात नायक्रोमची तार ठरावीक सेकंद तापते. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे २३०ऐवजी २०० व्होल्ट आले की उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने घटते. शेतीपंप चालू असताना गावातला दाब पडतो, आणि त्या वेळी केलेल्या बिबड्या-पापडांच्या पाकिटांच्या सील महिन्याने उघडलेल्या सापडतात. टायमर एक खूण वाढवायचा, किंवा स्टॅबिलायझर लावायचा. तारेवरचं टेफ्लॉनचं कापड जळकं झालं की लगेच बदलावं, त्याला पैसे फार लागत नाहीत.

तपासणी साधी आहे. पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा आणि बुडबुडे कुठून येतात बघा. मग सीलच्या दीड सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून हाताने ओढा. सील सोलून सुटली तर कच्ची. फिल्म फाटली पण सील धरून राहिली तर पक्की. सीलच्या अगदी कडेला धारेने कापल्यासारखी तुटली तर जॉ जास्त तापले आहेत.

नायट्रोजन भरतात तो दोन कामांसाठी. प्राणवायू हटवला की तेल खवट होत नाही, आणि फुगीर पाकिटात वेफर्स मोडत नाहीत. आत राहिलेला प्राणवायू २-३ टक्क्यांच्या खाली हवा. नुसतं पाकीट फुगलेलं दिसतं म्हणून समाधान मानू नये, साध्या हवेनेही ते फुगतं. आणि गरम वेफर्स भरू नयेत. पाकीट गार झालं की आतली वाफ दवासारखी बसते, आणि ती बाहेर काढायला आता वाट नसते.

मालागणिक वेगळं

नंदुरबारच्या लाल मिरचीचा रंग उजेडाने आणि प्राणवायूने उडतो. आरपार पाकिटात रंग दिसतो म्हणून विक्री चांगली होते हे खरं, पण दुकानाच्या दर्शनी फळीवर दोन महिने ठेवलं तर तोच रंग फिका पडतो. खिडकीएवढी जागा आरपार आणि बाकी छापील-चंदेरी, ही तडजोड बरी. पूड कांडप यंत्रातून निघते तेव्हा गरम असते. ती पसरून गार करावी, ओल ११ टक्क्यांच्या आत आहे हे बघावं, मगच भरावी. ओल त्याहून जास्त असेल तर अडवणाऱ्या पाकिटात बुरशीला उलट आश्रयच मिळतो.

तूर, मूग, हरभऱ्यातला भुंगा बाहेरून पिशवीत शिरतो असं वाटतं. बहुधा तो शेतातूनच अंड्याच्या रूपाने दाण्यावर आलेला असतो. पातळ एलडी तो आतून कुरतडून बाहेर येतो. दाणे नीट वाळवून हवाबंद, जाड अडवणाऱ्या पिशवीत घट्ट बांधले तर किडे आतला प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरतात. इथे जाडी खरोखर कामाची.

केळीचं सगळंच उलटं. रावेर-यावलची केळी तोडल्यावरही जिवंत असते, श्वास घेते. परदेशी जाणारं खोकं १३-साडेतेरा किलोचं असतं, आत पातळ पॉलिथिनचं अस्तर, आणि ते हेतूपूर्वक झिरपणारं. आतला प्राणवायू २-५ टक्क्यांवर आला की श्वास मंदावतो, पिकणं लांबतं. एक टक्क्याच्या खाली गेला तर केळी आंबते. म्हणजे वेफर्सला जी फिल्म उत्तम, ती कच्च्या केळीला मारक. शिवाय केळी १३-१४ अंशांना गार न करता अस्तरात बांधली तर आत घाम सुटतो आणि फणीचा दांडा सडतो. त्याचं खापर पिशवीवर फुटतं, दोष मात्र गार न करण्याचा.

विणलेल्या पांढऱ्या गोण्या पॉलिप्रोपिलीनच्या पट्ट्या ताणून विणतात. ऊन सोसणारं रसायन दाण्यात घातलं नसेल तर खानदेशी उन्हात काही महिन्यांत गोणी चुरा होते. तिचे धागे कापसात मिसळले की जिनिंगवाला वैतागतो, कारण ते रंग धरत नाहीत आणि कापडात पांढऱ्या रेघा राहतात. कापूस वेचायला खताची गोणी वापरू नये असं सांगतात ते यासाठी.

पिशवी घेताना

गेज तोंडी विचारू नका, तोला. फिल्मचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा नेमका कापा आणि सोनाराच्या काट्यावर ठेवा. जळगावात तो काटा मिळायला अडचण नाही. एलडीची घनता ०.९२, म्हणून ५० मायक्रॉनचा तुकडा ०.४६ ग्रॅम भरला पाहिजे. ०.३८ भरला तर तुम्हाला ४१ मायक्रॉनच मिळाले आहेत. नगांचा हिशोबही यातूनच निघतो: २० बाय ३० सेंटिमीटरची, ५० मायक्रॉनची पिशवी साडेपाच ग्रॅमची, म्हणजे किलोत १८०च्या आसपास. किलोवर घेताना दोनशेच्या वर नग निघाले तर खूश होण्याआधी जाडी मोजा.

पिशवी नव्या दाण्याची आहे का, हे विचारायलाच हवं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. पुन्हा वितळवलेल्या दाण्यात आधी काय भरलं होतं ते कोणालाच माहीत नसतं. पेटच्या बाबतीत अटींसह सवलत आहे, एलडीच्या साध्या पिशवीला ती गृहीत धरू नका. गडद रंगाची, कुबट वासाची पिशवी खाद्यपदार्थाला नको.

वापरून झालेल्या पाकिटांचं काय होतं हेही खरेदीतच ठरतं. जळगावच्या एमआयडीसीत जुनं पॉलिप्रोपिलीन वितळवून चटया विणणारे कारखाने आहेत, पण पेट आणि पॉलिथिन गोंदाने जोडलेलं पाकीट त्यांच्या कामाचं नाही. दोन्ही जाती वेगवेगळ्या तपमानाला वितळतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. वेफर्सचं बीओपीपीवर चंदेरी बीओपीपी असलेलं पाकीट मात्र जवळजवळ सगळं एकाच जातीचं असतं. वेफर्सच्या धंद्यात तेच घ्यावं. वाफ ते चांगली अडवतं, प्राणवायू चंदेरी पेटइतका अडवत नाही, पण नायट्रोजन भरलेला असेल आणि माल तीन महिन्यांत संपणार असेल तर तो फरक जाणवत नाही.